नदीत पडलेलं शून्य

ओर्तान्स न्गो बिकोई तीन दिवस धड जेवली नव्हती. बीजगणितात तिने उभी हयात घालवली होती, त्यातली नऊ वर्षं तर एकाच प्रमेयावर. आणि आता लेख तपासणाऱ्या कुणा परदेशी विद्वानाने चार ओळींत त्याला सुरुंग लावला होता. तिसरी पायरी म्हणे शून्याला लागूच पडत नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर लेख परत. लेख परत आला की प्रोफेसर व्हायची ही शेवटची संधीही गेली.

पण खरं दुःख निराळंच होतं. त्या पायरीत भोक कुठे आहे, तेच तिला दिसत नव्हतं. छप्पन्नाव्या वर्षी आपलं डोकं चालेनासं झालं, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं.

दुपारी तान्यी तिला ओढतच विद्यापीठाच्या टेकडीखाली घेऊन गेला. तिथे एक बाई निखाऱ्यावर केळी आणि साफू नावाची जांभळी फळं भाजत बसायची. तान्यी विभागात ओर्तान्सच्या शेजारच्या खोलीत बसणारा, तिच्याहून दहा वर्षांनी लहान; ती देशाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातली, तो मुंगो नदीपलीकडच्या इंग्रजी मुलखातला. तिच्या फ्रेंच लेखाचं इंग्रजी त्यानेच केलं होतं.

"खा, ताई. उपाशी पोटी कुणाचं प्रमेय सुटलंय?"

"माझं सुटलं होतं रे. तेच आता नासलं."

"म्हणतो काय तो गृहस्थ?"

"म्हणतो, ही पायरी तुम्ही धन घातांसाठी सिद्ध केलीत, मग पुढे शून्य घाताला कशी वापरलीत? आता धन म्हटलं की शून्य आलंच ना त्यात."

तान्यीचा घास हातातच राहिला. "शून्य कशात आलं?"

"धन संख्यांत. शाळेतलं पोरही सांगेल."

"तुमच्या शाळेतलं. मुंगो नदीच्या आमच्या काठावर शून्य धनही नाही नि ऋणही नाही. ते बिचारं कुठल्याच पक्षात नाही."

"आमच्याकडे फ्रेंचमध्ये ते दोन्ही पक्षांत आहे," ती म्हणाली आणि पिशवीत पेन शोधू लागली.

एकाच देशात, एकाच मजल्यावर अकरा वर्षं शेजारी बसून दोघांना हे कधी बोलायची वेळच आली नव्हती. तान्यीने फ्रेंच शब्द जसाच्या तसा इंग्रजीत नेला आणि शून्य वाटेत नदीत पडलं.

तिने पाकिटाच्या पाठीवर ती पायरी पुन्हा मांडली, या वेळी मुद्दाम शून्य घालून. ओळ न् ओळ बिनबोभाट चालली.

"भाषांतर तुझं, गाढवा."

"वाचून सही तुझी. आता 'शून्य किंवा धन' असं लिही की झालं."

"सतरा ठिकाणी लिहावं लागेल."

"सतराही ठिकाणी मी लिहितो. तू आधी खा."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. केळी भाजणारी बाई तिच्याकडे बघतच राहिली. ओर्तान्सने एक साफू सोलला, मग दुसरा, मग तान्यीच्या पानातलाही उचलला. डोकं शाबूत होतं. त्या सुखापुढे प्रोफेसर होणं तिला आठवलंसुद्धा नाही.