धारवाल्याची हाक

उद्या सकाळी आठ वाजता धारवाल्याचं स्वरयंत्र काढणार होते, आणि बाईंना हे कळलं आज दुपारी. म्हणजे झालीच की बोंब! चार वर्षं त्या शहरातल्या फेरीवाल्यांच्या हाका रेकॉर्ड करत होत्या. भंगारवाला, छत्रीवाला, गाद्या पिंजणारा, दोनशे हाका झाल्या होत्या. पण ज्याला त्याला विचारावं तर एकच, "धारवाल्या काकांची घेतली का? नाही? मग घेतलंत काय, डोंबल!"

बाई धापा टाकत धारवाल्याच्या घराचा जिना चढल्या. दारात त्याची बायको, काकू, उभ्या, कमरेला हात लावून.

"एकदाच," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी ओरडायला बंदी केलीय. घशाची सूज वाढली तर ऑपरेशन पुढे जाईल, आणि आजार तेवढा थांबायचा नाही. एकदा म्हणजे एकदा. कळलं?"

बाईंना घाम फुटला. रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्ला, म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. रेकॉर्डर टेबलावर ठेवला, बटण दाबलं, माइक पुढे सरकवला.

धारवाला खुर्चीत सावरून बसला. डोळे मिटले आणि हाक दिली. "धाऽऽर! कात्री, सुरी, धाऽऽर!" आवाज जाडाभरडा, पण शेवटी असा वर चढला की बाईंच्या अंगावर काटा आला. मग खोकल्याची उबळ. काकू पाणी घेऊन धावल्या.

बाईंनी रेकॉर्डरकडे पाहिलं. लाल दिवा लुकलुकत होता.

एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, म्हणजे यंत्र नुसतं तयार. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो, तेव्हा कुठे रेकॉर्डिंग चालू. हे त्या दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत, आणि विसरणाऱ्यांची चारचौघांत सालटी काढत.

"छान आलं," त्या बोलून बसल्या. जीभच ती, घसरली.

"मग ऐकव," धारवाला पुटपुटला. "पन्नास वर्षं ओरडलो पोरी, पण माझी हाक मी कधी ऐकली नाही. ऐकणारे सगळे वर, मी आपला खाली."

आता पळायला वाट नव्हती. "काका, चुकले मी. चालूच केलं नव्हतं."

काकूंचा तोल सुटला. "अहो, तुमच्या यंत्राला लागो आग! हेच एक काम होतं ना तुम्हाला? चला, निघा!" आणि बोलता बोलता त्या रडायलाच लागल्या. बाईंनाही रडू फुटलं.

धारवाल्याने काकूंना हातानेच गप्प केलं. उठून खिडकी उघडली. कुजबुजत म्हणाला, "आता तू दे."

"मी? काका, मला नाही जमत."

"दोनशे ऐकल्यास ना? दे!"

बाईंनी आधी बटण दोनदा दाबलं. मग ओरडल्या, पण चिमणीएवढ्या. त्याने मान हलवली आणि स्वतःच्या पोटावर थाप मारली. दुसरी खेप, शेवट चुकला. त्याने बोट हळूहळू वर नेत दाखवलं, कुठवर चढायचं ते. लाज, भीती सगळी गेली खड्ड्यात. बाईंनी छाती भरून श्वास घेतला. "धाऽऽर! कात्री, सुरी, धाऽऽर!"

समोरच्या चौथ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. "अहो काका, कुठे होतात इतके महिने? थांबा, थांबा, सुऱ्या घेऊन येते!"

काकू रडता रडता हसल्या. धारवाला खिडकीला धरून तसाच उभा होता, डोळे भरून वाहत होते.

"अशी ऐकू येते होय?" तो म्हणाला, आणि धार लावायचं चाक बाहेर काढायला वळला.