पाच नंबरचा चार्ज

आईला आम्ही फसवून तिथे नेलं. आम्ही म्हणजे मी. दादा दुसऱ्या शहरात बसून फोनवरून पाठिंबा देत होता, आणि तेवढं त्याला छान जमतं.

आई एकतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती, त्यातली शेवटची बारा वर्षं वॉर्डची इन्चार्ज. डिमेन्शियाने तिचं सगळं नेलं, वॉर्ड तेवढा ठेवला. सकाळी आठला ती छातीवर उलटं घड्याळ टाचायची आणि दुपारी दोनला दाराशी येऊन उभी राहायची. पुढच्या पाळीची नर्स येऊन एकेका पेशंटची माहिती ऐकून घेते, त्याला चार्ज घेणं म्हणतात. तो दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हा नर्सचा नियम. तोवर बसायचंही नाही, हा आईचा स्वतःचा.

पुढच्या पाळीची नर्स मी होते. खरं तर मी बस आगारात ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्यांचा तक्ता लावते. पाळी पहाटे पाचची, दीडला सुटते, दोनच्या आत मी घरी. चप्पल काढायच्या आधी म्हणायचं, "सिस्टर, चार्ज द्या." मग ती सांगायची. एक नंबर, ताप उतरलाय. दोन नंबर, जेवत नाही, नुसता नखरा. एक नंबर म्हणजे सोफा आणि दोन नंबर म्हणजे भिंतीवरचा दादाचा फोटो, त्यामुळे दुसऱ्या निदानाबद्दल मला कधीच शंका आली नाही. तीन, चार अशीच कुणी कुणी. मग आवाज खाली आणून, "पाच नंबर. बाई, वय अठ्ठ्याहत्तर. विसरते. पडायची भीती आहे. बेल हाताशी ठेव."

पाच नंबर म्हणजे तिचाच पलंग. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग सवय झाली, आणि सवय झाली याचाच मला राग यायचा. मी "घेतला चार्ज" म्हटलं की ती घड्याळ काढायची, बसायची आणि दिवसात पहिल्यांदा नीट जेवायची.

हे असंच चाललं असतं. पण सकाळी आईजवळ थांबणाऱ्या बाईंच्या हातावर तिने एक दिवस स्वतःच्या रक्तदाबाच्या तीन गोळ्या ठेवल्या आणि समोर उभं राहून गिळायला लावल्या. बाईंनी गिळल्याही. आईसमोर मोठमोठे डॉक्टर चळचळा कापायचे, तिथे त्या बिचारीचं काय चालणार. त्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. नंतर त्यांनी आमच्या घराच्या नावाने कानाला खडा लावला, आणि दुसरं कुणी यायला तयार होईना.

दादाने इंटरनेटवरून अशा म्हाताऱ्या पेशंटना ठेवून घेणाऱ्या केंद्रांची यादी काढली, प्रत्येकासमोर लोकांनी दिलेल्या चांदण्या लिहून. जायचं मी. आईला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिला सांगितलं, "सिस्टर, दोन वॉर्डांची तपासणी आहे." ती लगेच तयार झाली.

पहिलं केंद्र बसने दीड तास. जुनी इमारत, रंगाचे पोपडे, दारातच फिनेलचा भपका. आई एका पलंगाशी गेली, चादरीचं टोक उचलून, झोपून जखमा झाल्यात का म्हणून म्हातारीच्या टाचा पाहिल्या, गादीवर तळहात दाबला, पाण्याचा पेला किती लांब आहे ते पाहिलं. तिथल्या सिस्टर मुकाट्याने तिच्या मागे फिरत होत्या. "वॉर्ड चालू आहे," आई म्हणाली. एकतीस वर्षांत तिने कुणाचं याहून जास्त कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्यात शिरल्याबरोबर माशांची काचपेटी, मऊ सोफे आणि मॅनेजरबाई. त्यांच्याकडे पेशंट नव्हते, 'कुटुंबीय' होते. आम्ही दोघी भिंतींच्या रंगाबद्दल बोलत असताना आई एका खोलीत घुसली. मी मागे गेले. तिथल्या म्हातारीच्या पलंगाशेजारची बेलची दोरी वर गुंडाळून पडद्याच्या दांडीला गाठ मारून ठेवली होती.

"हिचा हात कुठवर पोचणार?" आईने विचारलं.

"त्या उगाच वाजवत बसतात हो," मॅनेजरबाई हसल्या. "इतरांना त्रास होतो."

बाहेर आल्यावर आईने माझा दंड धरला. "इथे कुणाला पाठवू नकोस. बेल बांधतात ती माणसं पेशंटकडे बघत नाहीत."

स्वतःच्या मुलीचं नाव न आठवणाऱ्या बाईने हे मला स्वच्छ शब्दांत सांगितलं. आणि मी तेच केंद्र निवडलं.

कारण तयार होतं. ते आगारापासून दोन स्टॉपवर होतं. दीडला सुटायचं, दोनला तिथे, रोज चार्ज घ्यायचा. लांबच्या केंद्रात आठवड्यातून एकदा जाणं झालं असतं. दादा म्हणाला, "शिवाय चांदण्या साडेचार आहेत." बेलचं सांगितलं तर म्हणाला, "आईचं काय मनावर घेतेस." मी मनावर घेतलं नाही. मॅनेजरबाईंना दोनदा विचारलं, रोज दोनला येऊ ना? "कधीही या, तुमचंच घर आहे."

दाखल करायच्या दिवशी कागद पुढे आले. सातव्या पानावर होतं की पहिले एकवीस दिवस घरच्यांनी भेटायचं नाही, 'कुटुंबीय' रुळेपर्यंत. "सगळेच पाळतात," मॅनेजरबाई म्हणाल्या. मी भांडायला हवं होतं. आगारात धिप्पाड ड्रायव्हर माझ्या तोंडाला लागत नाहीत. पण एकवीस दिवस दोन वाजता कुठेही पोचायचं नाही, हे वाचून माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. मी सही केली. लाज नंतर वाटली.

आईला सोडून निघायचं कसं, हे मला एकटीलाच माहीत होतं. मी तिच्यासमोर सरळ उभी राहिले आणि या वेळी मीच चार्ज दिला. "सिस्टर, आता ड्युटी तुमची. एक नंबर, बरा आहे. दोन नंबर, जेवला." तीन झालं, चार झालं. ती मान डोलवत होती. मी थांबले.

"पाच नंबरचं राहिलं," ती म्हणाली.

"तिला डिस्चार्ज दिला."

"न्यायला कोण आलं होतं?"

"मुलगी."

"बरं झालं," आई म्हणाली. "नाहीतर आणून टाकतात आणि फिरकत नाहीत." मग तिने घड्याळ सरळ केलं. "जा तू. घेतला चार्ज."

मी मागे न बघता काढता पाय घेतला.

चौथ्या दिवशी आगारात फोन आला. केंद्रातल्या एक मावशी होत्या, ऑफिसला न विचारता स्वतःच्या फोनवरून. "ताई, आजी दोनला दाराशी उभ्या राहतात त्या संध्याकाळपर्यंत. पाय सुजलेत. मी म्हटलं मला द्या चार्ज, तर म्हणतात, तू मावशी आहेस, सिस्टर आल्याशिवाय देणार नाही. आज वरून सांगितलंय की खुर्चीत बसवून पट्टा लावा. तुम्ही बोलता का?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. घरी कुणी वाट बघत नव्हतं, म्हणून मी अजून टेबलाशीच होते. समोर उद्याचा तक्ता होता, पाळी सुटायच्या आधी प्रत्येक नावापुढे दुसरं नाव. "त्यांच्या कानाला लावा," मी म्हटलं.

"कोण?" आईचा आवाज आला.

"सिस्टर, चार्ज द्या."

"किती उशीर," ती म्हणाली. मग भराभर सांगू लागली. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. मी नेहमीसारखी हूं हूं करत राहिले. मग तिचा आवाज खाली आला.

"आणि पाच नंबर परत आलीय. मुलगी घरी नेते म्हणून घेऊन गेली होती, तिनेच आणून टाकली. बेल बांधून ठेवलीय तिची. तू आलीस की आधी ती सोड."

"सोडते," मी म्हटलं.

"घेतलास ना चार्ज?"

"घेतला, सिस्टर."

"मग मी बसते आता," ती म्हणाली आणि फोन मावशींकडे दिला.

मी मॅनेजरबाईंना फोन लावला, आत्ता येते म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे सातवं पान आणि माझी सही यांची आठवण करून दिली. सतरा दिवस बाकी होते.