फोन चालू होताना

दिवसभर परक्यांच्या जबड्यांचे साचे हाताळूनही थोरलीला कधी किळस आली नव्हती. ती कवळ्या बनवायची. थुंकी सुकलेले साचे धुवायचे, मेण ओतायचं, दाताला दात लावत जायचं. माणसाच्या तोंडाचं तिला काही वाटत नसे. त्या सकाळी मात्र डबा भरता भरता तिला ती आली, आणि तीही सख्ख्या भावाच्या हसण्यानं.

त्याचं असं झालं. अर्धांगाचा झटका आल्यापासून नानांची, म्हणजे तिच्या वडिलांची, वाचा गेली होती. नाना हाडाचे सुतार. रंध्यासारखी सरसर चालणारी जीभ, लाकडात गाठ लागावी तशी अडून बसली. थोरलीनं त्यांच्यासाठी एक जुना फोन घेतला आणि त्यावरची मूळ प्रणाली पुसून लिनक्स ही मोफत प्रणाली चढवली. लिनक्सचं एक बरं असतं. फोन कंपनीचा उरत नाही, आपला होतो, सांगू तसा वागतो. चालू होताना कंपनीचं चिन्ह नाचायचं, ते तिनं काढून टाकलं आणि त्या जागी फोनला हुकूम देणारी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली: फोल्डरमध्ये जे व्हिडिओ असतील त्यातला कुठलाही एक उचल आणि दाखव. कुठला, ते फोनलाही आधी ठाऊक नाही.

भुश्शात लोळणारी मांजर निघे. कधी कुंडीला पाणी घालता घालता कुंडीवरच खेकसणारी शेजारीण निघे. नाना फोन बंद करत, पुन्हा चालू करत, आता काय येतंय म्हणून डोळे लावून बसत. "मां...जर," एके दिवशी ते म्हणाले. मग शब्द यायला लागले, सांजेला पाखरं यावीत तसे. आज एक, उद्या दोन. एखादा येऊन पुन्हा उडून जाई, पण झाडाची ओळख तर पटली होती.

धाकटा भाऊ दुकानांच्या जाहिराती चित्रित करायचा. तो म्हणाला, "ताई, मलाही टाकू दे की चार व्हिडिओ. तुझ्या मांजरीला विटतील नाना."

"टाक काय टाकायचं ते," ती म्हणाली आणि फोल्डर त्याच्या फोनला जोडून दिलं. मध्ये तपासणीची गाळणी ठेवली नाही. घरच्या माणसाला कसली गाळणी!

त्या सकाळी नानांनी बटण दाबलं, तर दवाखान्याची खाट आली. खाटेवर नानाच. मान कलंडलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार. मागून धाकट्याचा आवाज, "नाना, म्हणा, पाणी. पा-णी!" नानांचं नुसतं "ब... ब..." आणि त्यावर चिकटवलेला बदकाचा आवाज. मग धाकट्याचं खिदळणं.

नानांनी फोन पालथा घातला. ओठ कोरडे होते, तरी बाहीनं पुसले. एकदा, दोनदा, पुसतच राहिले. मग दिवसभर एक शब्द नाही.

संध्याकाळी थोरलीनं धाकट्याला बोलावून घेतलं.

"अगं, गंमत होती," तो खुर्चीत रेलून म्हणाला. "किती जणांनी बघितलाय माहितीये?"

"म्हणजे लोकांनाही दाखवलास?"

"लोक कसले, ओळखीचेच. आत्यानं तर हसणारी तोंडं पाठवली, ओळीनं. म्हणाली, दादाचं अगदी तान्हं बाळ झालंय."

थोरलीला वाटलं, पातेल्यावरचं झाकण काढावं आणि आत हिरवी बुरशी दिसावी, तसं हे गोत. वरून चकचकीत.

"बापाची लाळ बाजारात मांडलीस रे!"

"बाजार कुठला? फुकट आहे," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. तेच खिदळणं. तिला शिसारी आली. "आणि तूच म्हणालीस ना, टाक काय टाकायचं ते? नको असेल तर उडव की. एवढा काय तमाशा?"

ते मात्र खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. तिनं तो व्हिडिओ पुसायला फोन उचलला, तोच नानांनी हात पुढे केला आणि मान हलवली. नको.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला, आपली खुर्ची धाकट्याच्या खुर्चीला भिडवली आणि बटण दाबलं. मांजर आली. बंद. पुन्हा दाबलं. शेजारीण आली. बंद.

धाकट्याच्या लक्षात आलं. "नाना, मी निघतो. काम आहे."

नानांचा धड असलेला हात त्याच्या मनगटावर पडला. फळी दाबून धरायची सवय असलेला हात.

"ताई, सांग ना यांना."

"मी काय सांगू? पुढे काय निघेल ते माझ्याही हातात नाही."

पुन्हा मांजर. पुन्हा मांजर. मग खाट आली. धाकट्यानं तोंड फिरवलं. नानांनी मनगट सोडून हनुवटीला धरून ते वळवलं आणि मनगट पुन्हा पकडलं. फोनमध्ये बदक ओरडलं, खिदळणं सुरू झालं.

"ह... हस," नाना म्हणाले. "हस की."

धाकट्याचे ओठ वेडेवाकडे झाले, पण हसू फुटेना. त्यानं मोकळ्या हातानं खिशातला स्वतःचा फोन काढला आणि कुणी न सांगता, जिथे जिथे तो व्हिडिओ टाकला होता तिथून काढू लागला. "काढला, नाना. हा बघा, हाही काढला." बोटं घामानं घसरत होती.

नानांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मनगट धरलेलंच होतं. अधू हाताच्या अंगठ्यानं चाचपडत त्यांनी पुन्हा बटण दाबलं.