आठ बायकांचा फोटो

किर्तीनं गुरुवारी अंगणात अकरा किलो मिरच्या पसरल्या. शनिवार उजाडला तरी त्यातल्या एकाही मिरचीला घराबाहेरचा हात लागला नव्हता.

शिरगावच्या जुन्या आळीत असं होत नसे. आळीच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर उभे राहिलेत, पण मधली वीसेक घरं एप्रिलमध्ये अजून जुन्याच रीतीनं वर्षाचा मसाला करतात. भातलावणीला सावड असते, आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, तशी इथं मसाल्याची सावड. शेतं बिल्डरला गेली, सावड राहिली. बोलावणं कोणी करत नाही. एखाद्या अंगणात मिरच्या वाळताना दिसल्या, की तिसऱ्या दिवशी सकाळी बायका आपापला पाट घेऊन येतात, देठ खुडतात, शिंकतात, ज्या आल्या नाहीत त्यांच्याबद्दल बोलतात आणि चहा पिऊन जातात. बोलावलंच, तर उलट राग येतो. मी काय पाहुणी आहे?

किर्तीनं दीड लिटर दूध जास्त घेऊन ठेवलं होतं. दहा वाजता तिनं ते पुन्हा एकदा तापवलं.

"तुझ्या गाळ्यात मशीन हाय ना?" तिचे बाबा, धर्मराज, ओटीवरून म्हणाले. "तिकडं घाल."

"गाळ्यात मिरची बिनदेठाचीच येते, बाबा. खुडायचं मशीन नाहीये."

"मग घरालापन बिनदेठाची आणायची. कशाला येवढा पसारा?"

मसाला कसाही झाला असता. तिला बायका हव्या होत्या.

किर्ती केमिस्ट्रीची पदवीधर. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तिनं चार वर्षं नमुने तपासले. आईच्या, विठाच्या, मसाल्यातल्या मुठी आणि चिमटी तिनं एकदा काट्यावर तोलून ग्रॅममध्ये उतरवून घेतल्या होत्या. आई गेल्यावर त्याच कागदावरून तिनं 'मुसळ मसाले' सुरू केले. एमआयडीसीत भाड्याचा गाळा, दोन कामगार, महिन्याला दोनशे किलो. मग टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात तिची निवड झाली. छोटे उद्योजक येऊन आपला धंदा पैसेवाल्या परीक्षकांपुढे मांडतात, तसला कार्यक्रम. शूटिंगच्या आधी तिथल्या एका मुलीचा फोन आला. "मॅम, प्रॉडक्ट मस्त आहे. पण स्टोरी? तुमच्यामुळे कुणाचं आयुष्य बदललं? बायकांचा एखादा फोटो आहे का?"

फोटो होता. आई गेल्यानंतरच्या पहिल्या मसाल्याचा. त्या दिवशी आळीतल्या आठ बायकांनी किर्तीला मिरचीला हातसुद्धा लावू दिला नव्हता. 'तू फक्त चा कर,' असं कौसाबाईंनी बजावलं होतं. चहा ठेवून ती बाहेर आली आणि तिनं दारातून फोटो काढला. आठ वाकलेली डोकी, मध्ये लाल ढीग. त्या फोटोचा धंद्याशी काहीही संबंध नव्हता.

स्टुडिओत तो तिच्या मागे भिंतीएवढा झळकला. एका परीक्षकानं विचारलं, "ये कौन हैं?" किर्ती म्हणाली, "मैंने अपने गाँव की आठ महिलाओं को रोजगार दिया है." गुंतवणूक कोणी केली नाही, पण टाळ्या जोरात पडल्या.

फेब्रुवारीत तो भाग लागला, तेव्हा सगळी आळी कौसाबाईंच्या घरी जमली होती, कारण त्यांचा टीव्ही सगळ्यात मोठा. फोटो दिसल्यावर तुळशीकाकी हसल्या. "माजा पदर बघा कुठं चाललाय." मग ते वाक्य आलं. हिंदीत होतं, पण उल्हासनगरच्या बाजारात जन्म गेलेल्या बायकांना तेवढी हिंदी कोणी समजावून द्यावी लागत नव्हती. जाहिराती लागल्या. कौसाबाई डाळ बघायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. जे बोलायला हवं होतं, ते किर्तीला तेव्हाच बोलता आलं असतं. पुढे तिनं ते रेकॉर्डिंग पाहिलं, तेव्हा जाहिराती साडेतीन मिनिटांच्या निघाल्या. त्या साडेतीन मिनिटांत ती स्टुडिओतल्या मेकअपबद्दल बोलत होती.

त्यानंतर अनोळखी लोक तिला ओळखू लागले. बदलापूर स्टेशनबाहेर मुली सेल्फी मागत. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये पाऊच छापणाऱ्या हरेशनं तिचा फोटो दुकानात लावला आणि नव्या पाऊचवर 'आठ घरांना रोजगार' ही ओळ आपणहून टाकली. 'मॅडम, लोक मसाला नंतर बघतात, हे आधी बघतात.' ऑर्डरी तिप्पट झाल्या. आणि आळीत तिची 'तू'ची 'तुम्ही' झाली. "म्याडम, जेवलात का?" तुळशीकाकी आधी हसून विचारायच्या. मग न हसता विचारू लागल्या. या एप्रिलमध्ये चार घरांचे मसाले झाले. दोन घरी ती गेलीसुद्धा. तिथं तिच्यासाठी आतून खुर्ची आली.

अकरा वाजता ती कौसाबाईंच्या दारात उभी राहिली. त्या ओटीवर लसूण सोलत होत्या.

"काकी, आमच्या मिरच्या वाळल्या."

"वाळल्या तर खुडायच्या."

"कोणीच आलं नाही."

"कामगार कमी पडले का?"

किर्ती खाली पायरीवर बसली. "मी खोटं बोलले काकी. तुम्हाला माहितीये."

"मला ठाव हाय. आळीला ठाव हाय." कौसाबाईंनी पाकळी टोपलीत टाकली. "माज्या विहिणीला ठाव नाय. दुसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीवरनं भिमाबाईचा फोन. बोलली, विहीणबाई, पोरगे बघत नाय का तुमाला, दुसऱ्याच्या दारी रोजावर जाता ते? फोन स्पीकरवर, दोन्ही पोरगे समोर बसलेले. थोरला ताटावरनं उठला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस?"

किर्ती पायरीवरून उठली. लॅबमध्ये रीडिंग चुकलं तर ते जिथं नोंदवलं असेल तिथंच खोडून सही करायची, दुसऱ्या कागदावर दुरुस्त करून चालत नाही, असं तिला शिकवलेलं होतं. टीव्ही तिच्या हातात नव्हता. विठ्ठलवाडी पाऊण तासावर होती.

भिमाबाईंचं घर बस डेपोच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडताच त्यांनी तिला ओळखलं, शेजारणीला हाक मारली आणि फोन काढला. दोन फोटो झाले. सरबत आलं.

"आमच्या विहीणबाईंना काम दिलंत, बरं केलंत हो. या वयात घरी बसून काय करायचं?"

"तेच सांगायला आलेय. त्या माझ्याकडे कामाला नाहीत. कधीच नव्हत्या. मी टीव्हीवर चुकीचं बोलले."

भिमाबाईंनी फोन खाली ठेवला. "नाहीत? मग तो फोटो?"

"ते आमच्या घरच्या मसाल्याचं होतं."

"म्हणजे मिरच्या खुडल्या त्यांनी आणि पैसे दिलेच नाहीस?"

"नाही."

"अगं, म्हणजे फुकट राबवलंस आणि वर टीव्हीवर दाखवलंस?"

शेजारणीनं किर्तीकडे नीट पाहिलं. किर्तीच्या लक्षात आलं, की इथं तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर कौसाबाई रोजावर जाणारी बाई ठरणार होती, नाहीतर ती स्वतः बायकांना फुकट राबवणारी. पहिली वाट ती एकदा चालून झाली होती.

"माझी आई गेली होती," ती म्हणाली. "पहिलाच मसाला होता. काकींनी मला बसवून ठेवलं आणि सगळं त्यांनी केलं. आमच्या आळीत सावड असते."

"सावड माहितीये मला. शेत होतं आमचं." भिमाबाई म्हणाल्या. "मग तसं सांगायचं होतंस तिथं."

"वेळ फार कमी असतो."

"सावड म्हणायला किती वेळ लागतो गं?"

फोटो झाले, सरबत संपलं, आणि जिन्यापर्यंत पोचवायला कोणी आलं नाही. परतताना रिक्षात दोन कॉलेजच्या पोरांनी तिला विचारलं, टीव्हीवर जायला काय करावं लागतं. तिनं फॉर्म कुठे मिळतो ते सांगितलं.

रविवारी सकाळी आठला कौसाबाई अंगणात आल्या. काखेत पाट होता. त्यांनी तो ढिगाच्या पलीकडे ठेवला, पदर नाकावर बांधला आणि खुडायला लागल्या. किर्तीही समोर बसली. बराच वेळ देठ तुटण्याचा तेवढा बारीक आवाज येत राहिला.

"भिमाबाईचा फोन आयला व्हता रात्री," कौसाबाई म्हणाल्या. "तुला शिव्या घालत व्हती."

"घालू दे."

"मी बोलली, पोरगी अशी नाय. तर बोलते, मग कशी हाय?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"फोन ठेवला. तिला काय सांगणार?"

फोन वाजला. हरेश होता. "मॅडम, पाऊचचा दुसरा लॉट मशीनवर घेतोय. डिझाइन सेम ना?"

"आठ घरांवाली ओळ काढा."

"अरे मॅडम, तीच तर विकते."

"काढा, हरेशभाई."

"मग त्या जागी काय टाकू? काहीतरी पाहिजे ना."

किर्तीनं समोर पाहिलं. कौसाबाई मान खाली घालून खुडत होत्या, जणू त्यांना ऐकूच येत नव्हतं. "काही नको," किर्ती म्हणाली.

चहा झाला. दुसरं कोणी आलं नाही. दोनदा आळीतून पावलं आली आणि कुंपणापाशी जराशी मंदावून पुढे गेली. एकदा तुळशीकाकींचा आवाज ओळखू आला. दहा वाजता कौसाबाईंनी पाट उचलला. दोघींचे मिळून चार किलो झाले होते. सात उरले होते.

"मला पोरांचं जेवान करायचं हाय," त्या म्हणाल्या. फाटकापाशी जाऊन थांबल्या. "उद्या बनूबाईचा मसाला हाय."

एवढंच बोलून त्या गेल्या. ये म्हणाल्या नाहीत, येऊ नकोस असंही नाही. आळीत तसं कधीच कोणी सांगत नसे.

किर्ती दिवसभर एकटीच खुडत बसली. संध्याकाळी बोटं इतकी झोंबत होती, की फोनची काच तिचा स्पर्श घेईना. तीन किलो अजून बाकी होते. उद्याचा दिवस दिला असता तर संपले असते. तिनं ते गोणीत भरले, गोणीचं तोंड बांधलं आणि बाबांना सांगितलं, की आपल्या घरचा मसाला यंदा थोडा उशिरा होईल. मग ती आईचा पाट शोधायला माळ्यावर चढली.