साय नसलेल्या दुधाची पातेली

मित्रांनो, माझी ओळख मागाहून करून देते. आधी माझी तक्रार ऐकून घ्या. या घरातली आजी माझ्याशी बोलत नाही. बोलणं दूरच राहिलं, ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. स्वयंपाकघरात येते, पाणी घेते, डबे उघडते, मिटते, आणि माझ्या जागेपाशी आली की मान अशी फिरवते, जसं काही मी तिचं घोडं मारलंय. जिच्या हाताखाली माझा सगळा जन्म गेला, तिनं असं वागावं? आणि कशासाठी, तर माझ्यात आता सोयाबीनचं दूध तापतं म्हणून. मी काय दुकानात जाऊन ते सोयाबीन आणलं? माझ्यात जे ओततील ते मी धरते. यात माझं काय चुकलं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मी एक जुनी दुधाची पातेली आहे. निदान परवापरवापर्यंत होते. आता नेमकी कशाची पातेली आहे, ते माझं मलाच सांगता येत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसती सपाट चकती होते. मग एका मोठ्या दाबयंत्रानं मला असा काही दणका दिला की मी खोलगट झाले. त्यानंतर फिरत्या चाकावर धरून मला चकाकी आणली. माझं बूड जाड आहे, आणि याचा मला गर्व आहे. तो मी लपवत नाही. दुकानात माझ्या शेजारी पातळ बुडाच्या किती तरी नटव्या पातेल्या होत्या. आजी तेव्हा नवी नवरी होती. तिनं एकेकीला बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "या सगळ्या नुसत्या ठणाणा करतात. ही बसक्या आवाजाची द्या." ती बसक्या आवाजाची म्हणजे मी.

तेव्हापासून दूध तापवायचं ते माझ्यातच. त्या काळी दूधवाला दारात येऊन मापानं दूध घालायचा. आजी मला शेगडीवर ठेवायची आणि समोर उभी राहायची. दूध तापवणं म्हणजे उभं राहणं, असं तिचं म्हणणं. आधी कडेनं बारीक बुडबुडे यायचे, मग वरच्या पातळ सायीला सुरकुत्या पडायच्या, आणि मग सगळं दूध एकदम छाती फुगवून वर यायचं. त्याच क्षणी आजीचा हात गॅसच्या बटणावर. कधी ती बाहेरच्या खोलीत कुणाला तरी फैलावर घेत असायची. तरी दूध वर यायला आणि ती आत यायला एकच गाठ पडायची. तिला वास यायचा की आवाज, देव जाणे. "माझ्या घरात दूध उतू गेलेलं नाही," असं ती चारचौघात सांगायची, आणि मला पुसता पुसता म्हणायची, "शहाणी गं माझी बाई." बाकीच्या भांड्यांना ती कधी असं म्हणाली नाही. कढई अजून त्यावरून जळते.

माझ्यातलं दूध पिऊन तिचा लेक मोठा झाला, लेक सासरी गेली, सून घरात आली. मधल्या काळात दूध पिशवीतून येऊ लागलं, थंडगार कपाटात राहू लागलं. कुणी कुणी ते कपातच गरम करायला लागलं. माझी पाळी दिवसातून एकदाच यायची. तेही मी सोसलं. दूध होतं ना? मग झालं तर.

मग भिंगरीचं पोट दुखायला लागलं.

भिंगरी म्हणजे आजीची नात. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेत चालतं. एका जागी बसायची नाही, गिरक्या घ्यायची, म्हणून भिंगरी. ती पोर दूध प्यायली की पोट धरून कोपऱ्यात बसायला लागली. पोट टम्म फुगायचं. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्यावर सूनबाई टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आई, हिचं दूध बंद सांगितलंय."

"बंद म्हणजे किती दिवस?"

"बंद म्हणजे बंद. दुधातली साखर हिला पचत नाही, असा त्यांचा अंदाज आहे."

"साखर मी घालतच नव्हते," आजी म्हणाली.

"घातलेली नाही हो, दुधातच असते ती."

"हे बरं आहे. आम्ही इतकी वर्षं प्यायलो, आम्हाला कुणी सांगितलं नाही." आजी लेकाकडे वळली. "तुला याच दुधावर वाढवलं. काय झालं तुला?"

"माझंही पोट दुखायचं, आई. तू म्हणायचीस, शाळा बुडवायचं सोंग आहे."

मी शेल्फवरून ऐकत होते. माझ्या डोक्यात नुसता घोळ झाला. ज्या दुधानं हाडं बळकट होतात म्हणून मी जन्मभर तापत राहिले, ते दूध पोरीला बाधतं? मग मी इतकी वर्षं काय तापवत होते?

आधी खोक्यातलं बदामाचं दूध आलं. त्याला तापवायचं नसतं, म्हणून मला हात लागला नाही. बदामाला पिळतात कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला. भिंगरीनं विचारलं, "बदामाला पण वासरू असतं का?" आजी म्हणाली, "विचार तुझ्या आईला, तिला सगळं माहीत असतं." पण त्या दुधात भलतीच साखर होती, ही मात्र खरोखर घातलेली. डॉक्टरीणबाईंनी ते नको सांगितलं. मग सूनबाईनं ठरवलं, सोयाबीनचं दूध घरीच करायचं.

रात्री भिजत घातलेले दाणे तिनं चोळून सोलले, पाणी घालून वाटले, पंचातून गाळले आणि ते पांढरं पाणी माझ्यात ओतलं. मित्रांनो, तुम्हाला काय सांगू. दूध म्हणावं तर चुरडलेल्या पाल्यासारखा वास, पाणी म्हणावं तर पांढरंशुभ्र. आजी टेबलाशी पाठ करून भाजी निवडत बसली होती. "त्या सोंगाला माझा हात लागणार नाही," एवढंच तिनं जाहीर केलं. सूनबाई घरूनच काम करते, कानाला ऑफिसशी बोलायचं यंत्र लावून. मंद गॅसवर मला ठेवून ती खोलीत गेली.

बघते तर काय, हे नवं दूध पटकन वर आलं. आमच्या दुधाच्या निम्म्या वेळात. फेसच फेस, माझ्या काठापर्यंत. मला तर आनंदच झाला. म्हटलं, वा, हेही दूधच म्हणायचं की. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आजी आली. माझ्याकडे न बघता तिनं बटण फिरवलं, आणि जाऊन पुन्हा भाजी निवडायला बसली. काहीतरी वर येतंय आणि आपण बसून राहायचं, हे तिला जमणारं नव्हतंच. हात लावणार नाही म्हणाली होती, तो दुधाला. गॅसला नव्हे.

सूनबाई परत आली, गॅस बंद बघितला आणि तिला वाटलं, दूध उकळून झाल्यावर ऑफिसला निघताना नवऱ्यानं केला असेल. तो नुकताच बाहेर पडला होता. रोज असंच होऊ लागलं. फेस वर, आजीचा हात, गॅस बंद. मला वाटायचं, आपलं जुनं काम पुन्हा रुळावर आलं.

पण भिंगरीचं पोट दुखायचं काही थांबेना. उलट आता तिला उलट्या व्हायला लागल्या. घरात कुणालाच काही समजेना. दूध बंद केलं, तरी पोट दुखतं? मग दूध निर्दोष होतं की काय? आजी म्हणाली, "पोरीचं दूधही गेलं आणि दुखणंही राहिलं. बरं केलंत." सूनबाईचे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडे दिवस बघू, नाहीतर दवाखान्यात ठेवून नळी घालून आत बघावं लागेल. भिंगरीनं जेवताना विचारलं, "नळी कुठून घालतात?" तिनं घास तसाच ताटात ठेवला.

त्याच सुमारास आजी चार दिवस लेकीकडे राहायला गेली. पहिल्याच सकाळी फेस वर आला आणि बटणावर कुणाचाच हात आला नाही. मी घाबरले. फेस माझ्या काठावरून उतरला, शेगडीभर झाला. सूनबाई धावत आली, गॅस अगदी बारीक केला, फेस डावानं मोडला आणि तसंच ढवळत उभी राहिली. फेस बसला. तरी ती गॅस बंद करेना. मला वाटलं, आता मी करपणार. माझ्या जाड बुडाची अब्रू जाणार. पण हळूहळू तो पाल्याचा वास गेला आणि भाजलेल्या दाण्यासारखा गोडसर वास यायला लागला. आतून, अगदी तळापासून, खरी उकळी फुटली. तेव्हाही मला अर्थ लागला नाही. मला फक्त एवढंच कळलं, की आज मी जास्त वेळ तापले.

चारही दिवस असंच चाललं, आणि त्या दिवसांत भिंगरीचं पोट दुखलं नाही. तिनं स्वयंपाकघरात गिरकी घेऊन मिठाची बरणीसुद्धा पाडली. कुणी तिला रागावलं नाही.

आजी परत आली, फेस वर येताच तिचा हात पुन्हा बटणावर, आणि दुसऱ्याच दिवशी पोरीला पुन्हा उलटी.

संध्याकाळी लेकानं आजीला समोर बसवलं. आवाज हळू होता, पण मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, खरं सांग. तू हिला चोरून गाईचं दूध देतेस का?"

आजीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू नसतानाच ती बरी होती, म्हणून विचारतो. रागावू नकोस."

"रागावू कशाला? म्हातारी झाले म्हणजे चोर झालेच." आजीचा आवाज थरथरला. तो मी आयुष्यात पहिल्यांदा थरथरताना ऐकला. "एक थेंब दिलेला नाही. तुमच्या त्या सोंगालासुद्धा मी हात लावत नाही. उतू जायला लागतं तेव्हा गॅस तेवढा बंद करते."

सूनबाईनं मान वर केली. "कधी?"

"कधी म्हणजे? रोज."

"गॅस तुम्ही बंद करता?" सूनबाई नवऱ्याकडे वळली. "तू नाही करत?"

"मी सकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही जात नाही."

"मला इतके दिवस वाटत होतं, तू जाताना बंद करतोस." सूनबाई कपाळाला हात लावून बसली. "आई, या दुधाला आधी नुसता फेस येतो. ती उकळी नसते. आत ते कच्चंच असतं, आणि कच्चं पोटात गेलं की बाधतं. फेस मोडून पुढे दहा-पंधरा मिनिटं उकळत ठेवावं लागतं."

"मग हे मला सांगायचं नव्हतं?"

"तुम्ही त्याचं नाव तरी काढू देत होतात का?"

वर आलं की झालं, एवढंच आम्हा दोघींना माहीत होतं. त्यापुढे काही असतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. आजी उठली. मग भिंगरीजवळ गेली आणि तिच्या पोटावरून हात फिरवत राहिली. लेक "आई, चुकलं माझं" म्हणाला, तेव्हा तिनं त्याला हातानंच गप्प केलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, कच्चं पोटात जात होतं तर दुखणारच. आता नीट उकळून द्या आणि कळवा, नळीचं तोवर राहू द्या. तेव्हापासून पोर बरी आहे. नळीचं नाव निघालेलं नाही. पण आजी कालपर्यंत माझ्यापाशी आली की मान फिरवतच होती.

मित्रांनो, मी जुनं भांडं, मला फार कळतं असं नाही. गाईचं दूध चांगलं की सोयाबीनचं, हे मला विचारू नका. मला खरंच सांगता येणार नाही. कुणाला हे मानवतं, कुणाला ते. पण एवढं करा, की शेगडीवर नवं काही ठेवाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जे तोंड फिरवून बसलंय त्याला आधी सांगा. आणि आम्हा भांड्यांना तारेच्या काथ्यानं ओरबाडू नका, आमचं कातडं जातं.

आज सकाळी सूनबाई कानाला यंत्र लावता लावता म्हणाली, "आई, जरा बघाल का?" आजी म्हणाली, "मला काय काम आहे बघायला." पण उठली. माझ्यासमोर उभी राहिली. फेस चढायला लागला तसा तिचा हात बटणाकडे गेला, गेला आणि थांबला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला. मग गॅस बारीक केला, फेस मोडला आणि ढवळत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला होता. ती इकडेतिकडे बघून पुटपुटली, "अजून कच्चंच का गं?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग मी उकळता उकळता शेगडीवर खडखडले आणि मोठ्यानं म्हटलं, "हो, कच्चंच आहे. आणि बाई, तू माझी जन्माची सोबतीण म्हणून तोंडावर सांगते. तुझ्या हाताचं कौतुक मी जन्मभर केलं, पुढेही करीन, पण पोरीच्या पोटापुढे तुझा मानही धाकटा आणि माझाही. माझ्यावर रुसायचं असेल तर खुशाल रूस, पण रुसून टेबलाशी जाऊन बसू नकोस. इथे उभी राहून रूस, आणि ढवळ."