ज्याचं उत्तर त्याला

चार वाजता प्रोग्राम दवाखान्याच्या हवाली करायचा होता, आणि तीन वाजता भाचीनं डोक्याला हात लावला.

“मावशी, एका बाईच्या रक्ताचा रिपोर्ट दुसरीच्याच नावावर पडतोय गं!”

मावशीनं खुर्ची पुढे ओढली. “मला समजेल असं सांग.”

दवाखान्याचा संगणक लॅबच्या सर्व्हरकडे रिपोर्ट मागायचा. पूर्वी एक मागितला की तो येईपर्यंत सगळं खोळंबायचं. म्हणून भाचीनं नवी रीत बसवली होती: मागण्या धडाधड पाठवायच्या, कुणासाठी अडून बसायचं नाही, उत्तरं येतील तशी घ्यायची.

“आलेलं उत्तर कुणाचं, ते कसं कळतं?”

“पहिलं उत्तर पहिल्या मागणीचं, दुसरं...” भाची मध्येच थांबली. “अगं बाई! एखादा रिपोर्ट रेंगाळला की पुढचं सगळंच सरकणार.”

“मग?”

“आज पाच-सहाच रिपोर्ट दाखवायचेत, तेवढ्यात गडबड होत नाही. आज देऊन टाकते, उद्या गुपचूप दुरुस्त करीन. नाहीतर आमच्या कंपनीचे साहेब काम काढून घेतील.”

मावशीची हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. तेव्हा लोक परगावी बोलायला ट्रंक कॉल नोंदवून आपापल्या कामाला लागत. लाइन मिळाली की ऑपरेटर त्यांना फोन करी. प्रत्येक कॉलची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. नवी असताना घाईघाईत तिनं एकदा नंबर न बघताच, नोंदवलेल्या क्रमानं कॉल जोडून दिला. मागून नोंदवलेला कॉल आधी लागला होता.

“एका शिंप्यानं परक्याच्या आईच्या मरणाची बातमी आपल्याच आईची समजून ऐकली,” मावशी म्हणाली. “दोन मिनिटांत चूक सांगितली मी त्याला. पण त्या दोन मिनिटांतलं त्याचं रडणं मी ऐकलंय. तुझ्या त्या बाईला कोण सांगणार? कधी?”

भाचीनं फोन उचलला.

“साहेब, आज देता येणार नाही. रिपोर्टांची अदलाबदल होतेय. चूक माझीच आहे. प्रत्येक मागणीला नंबर द्यायचा आणि उत्तरानं तोच नंबर घेऊन परतायचं, एवढं करायचंय.”

“हे आज सुचलं तुला?” साहेबांचा आवाज मावशीलाही ऐकू आला. “दवाखान्याला मी काय तोंड दाखवू?”

“खरं काय ते सांगा. नाहीतर मी सांगते.”

पलीकडे डायरीची पानं चाळल्याचा आवाज आला.

“तूच सांग,” साहेब म्हणाले. “दवाखान्याचा नंबर घे लिहून.”

मावशीनं पेन पुढे केलं.