भेगेवरची काच

मी भेगेवरची काच बोलतेय. जुन्या तावदानातून कापलेली, वीतभर लांब, बोटभर रुंद पट्टी.

आमच्या घरामागच्या डोंगराच्या पोटात आग आहे. हिवाळ्यापासून तो धुमसू लागला, राख ओकू लागला, हळूहळू फुगू लागला. डोंगर फुगला की जमीन ताणली जाते आणि भिंती उलतात. स्वयंपाकघराच्या भिंतीलाही अशीच भेग पडली.

घरधनी गवंडी. हे घर त्याने एकेक दगड स्वतः घडवून उभं केलेलं. बायको म्हणायची, "अहो, शेजारपाजारचे सगळे गेले. लेकीला घेऊन आपणही निघू या."

"उगाच घाबरतेस. भेगेवर काच बसवतो. भिंत सरकली तर काच तुटेल. तुटली की त्याच पावली निघू. मग तर झालं?"

माझं एक टोक त्याने सिमेंटने पक्कं केलं. दुसऱ्याला मात्र राख कालवलेलं मेण लावलं. दिसायला हुबेहूब सिमेंट! घर सोडवत नव्हतं त्याला, म्हणून मी तुटूच नये अशी सोय त्याने केली.

बायको रोज सकाळी माझ्यावरची राख पुसायची. "आहेस ना गं बाई धड?" म्हणायची आणि निर्धास्त चूल पेटवायची. भेग रुंदावत होती. मी नुसती मेणात सरकत होते. ओरडून सांगावंसं वाटे, पण तुटल्याशिवाय काचेला आवाज कुठला?

एकदा पुसताना तिचा अंगठा जोरात पडला आणि माझं मेणातलं टोक हललं. तिने टोकाशी नख लावलं. नखात मेण आलं. तिने ते बोटांत चुरडून पाहिलं. मग बत्ता उचलून तिने मला फोडलं.

"अहो, काच तुटली."

तो धावत आला. "अगं, ही तर तू…"

"तुटली की निघायचं, तुमचेच शब्द. लेकीला उचला."

त्याने मान खाली घातली. भिंतीवरून एकदा हात फिरवला, लेकीला कडेवर घेतलं. जाताना सवयीने दाराला कुलूपही लावलं.

आता माझा एक तुकडा भिंतीवरच्या सिमेंटला चिकटलाय, दुसरा ओट्यावर पडलाय. भेगेत हात जाईल. राख आत येतेय, तिला कुलूप कुठलं अडवणार? कुणाच्या भिंतीवर माझ्यासारखी पट्टी असेल, तर तिची दोन्ही टोकं एकदा नखाने खरवडून बघा, एवढंच मागणं.

माझ्यातून उजेड आरपार जायचा. आता राखेखाली तोही अडलाय.